नकाशातला पिलर आणि खालचा पिलर

प्रश्न सावद्याकडच्या एका मुलाचा आहे. मायनिंगचा डिप्लोमा करून तो चंद्रपूरकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीत लागलाय आणि ओव्हरमनच्या, म्हणजे पाळीच्या कामावर देखरेख करणाऱ्याच्या, परीक्षेची तयारी करतोय. (गॅलरी म्हणजे कोळशात कापलेला बोगदा, पिलर म्हणजे गॅलऱ्यांच्या मधे छत धरायला ठेवलेला कोळशाचा चौकोनी ठोकळा.) त्याने विचारलं ते असं: "काका, आमच्याकडे १२० मीटर खोलीवर काम आहे. गॅलरी ४.८ मीटर रुंद, ३ मीटर उंच. पिलर मध्य ते मध्य २५.५ मीटर, म्हणजे पिलरची बाजू २०.७ मीटर. हिशोब केला तर तीन भागांतले दोन भाग कोळसा आपण तसाच सोडतो. हाच पिलर १२ मीटरचा ठेवला तर खरंच काय बिघडेल? आणि पिलरला इजा होतेय हे खाली उभं राहून कसं ओळखायचं? पुस्तकात सूत्रं आहेत, पण ती तशी का आहेत ते उमगत नाही."

मी यावल तालुक्यातला. ३१ वर्षं वर्धा खोऱ्यातल्या आणि पेंच-कन्हानकडच्या भूमिगत खाणींत काढली. आता भुसावळला असतो, दीपनगरच्या वीज केंद्राकडे जाणाऱ्या कोळशाच्या गाड्या बघत. आपल्या खानदेशात जमिनीखाली काळा पाषाण, कोळशाची खाण एकही नाही. त्यामुळे हे समजावून सांगणारं माणूस गावात भेटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिलर १२ मीटरचा केलास तर पहिल्या दिवशी काहीही होणार नाही. बहुधा महिनाभरानेही नाही. म्हणूनच हा प्रश्न मनात येतो, आणि टनांच्या मागे लागलेल्या जुन्या माणसांच्याही मनात येतो. कापल्याबरोबर मोडलेला पिलर मी एकही पाहिला नाही. पिलर आजारी पडतो, बराच काळ आजारी राहतो आणि मग एखाद्या पाळीत सगळं एकदम होतं.

आधी एक गैरसमज दूर करू. तो दोन-तृतीयांश कोळसा सोडलेला नाही, ठेवलेला आहे. बोर्ड आणि पिलर पद्धतीत पहिल्या टप्प्यात नुसत्या गॅलऱ्या मारायच्या असतात. पिलर दुसऱ्या टप्प्यात, डिपिलरिंगला काढायचे. त्या वेळी पिलरवर नेहमीचा भार तर असतोच, शिवाय शेजारच्या गोफाच्या (कोळसा काढून मोकळ्या झालेल्या, छत पडू द्यायच्या जागेच्या) काठावर लटकलेल्या छताचा भारही येऊन पडतो. पिलर मोठा असेल तर त्याच्या पोटात शिरून स्प्लिट, म्हणजे पिलर दुभागणारी गॅलरी, मारता येते, एकेक स्लाइस (पट्टा) घेता येते, माणसांना मागे सरकायला जागा आणि वेळ मिळतो. १२ मीटरच्या पिलरमध्ये ४.८ ची स्प्लिट घातली की दोन्हीकडे साडेतीन-साडेतीन मीटरच्या भिंती उरतात. डिपिलरिंगचा भार त्या झेलू शकत नाहीत. म्हणजे आज दोन पोती जास्त घेण्यासाठी उद्याचं सगळं शेत गेलं.

आता भार. तुझ्या आजोबांचं घर धाब्याचं असेल तर हे तुला पुस्तकाशिवाय कळेल. सागाचे खांब, खांबांवर तुळया, त्यावर कड्या-किलचन आणि वर मातीचा जाड थर. एका खांबावर किती ओझं? त्याच्या चारही बाजूंच्या खणांचा अर्धा-अर्धा भाग. खांब लांब-लांब लावले तर प्रत्येकाच्या वाट्याला जास्त धाबं येतं. आणि दर उन्हाळ्यात पावसाच्या आधी वर खारी माती टाकत गेलं की खांब तेच, ओझं वाढलेलं. खाणीत ते खण म्हणजे गॅलऱ्या आणि वरची माती म्हणजे खोली. इंग्रजी पुस्तकात याला मोठं नाव आहे, पण हिशोब धाब्याचाच.

वरचा खडक प्रत्येक मीटर खोलीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण पाव किलो भार टाकतो. १२० मीटरला ३० किलो. अखंड कोळशावर इतकाच. गॅलऱ्या मारल्या की त्यांच्यावरचा भारही पिलरने घ्यायचा. तुझ्या पिलरसाठी २५.५ चा वर्ग भागिले २०.७ चा वर्ग, म्हणजे दीडपट. ४५ किलो झाले. पिलर १२ मीटरचा आणि गॅलरी तीच ठेवली तर १६.८ चा वर्ग भागिले १२ चा वर्ग, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ५९ किलो. भार फार वाढला असं वाटत नाही ना? इथेच माणूस फसतो. त्याने फक्त ओझं मोजलं, खांबाची ताकद मोजलीच नाही.

ताकदीच्या बाबतीत मात्र धाब्याचा खांब उपयोगाचा नाही, कारण कोळशाचा पिलर लाकडासारखा वागत नाही. त्यासाठी जळगावच्या जिनिंगमधली रुईची गाठ डोळ्यांसमोर आण. पट्ट्या आवळलेल्या असतात तोवर गाठ दगडासारखी, तिच्यावर चार गाठी रचा, काही होत नाही. पट्ट्या कापल्या की तीच रुई चारी बाजूंनी फुगते. पिलरच्या मधल्या गाभ्याला चारी बाजूंचा कोळसा असाच आवळून धरतो. बाहेरची कड मोकळी असते, तिला धरायला गॅलरीच्या बाजूने कोणी नाही, म्हणून ती आधी फुटते. फुटली तरी ती जागेवर असेपर्यंत आतल्याला थोडाफार आधार देतेच. गाभा जितका रुंद तितका तो जास्त आवळलेला आणि तितकी त्याची ताकद मोठी. गाठ उंच आणि अरुंद असेल तर आवळणं संपलं.

म्हणून पिलरच्या बाबतीत नुसत्या रुंदीला अर्थ नाही. रुंदी भागिले उंची हा आकडा पाठ करून ठेव. तुझ्या पिलरला २०.७ भागिले ३, म्हणजे ६.९. बारा मीटरच्याला ४. बाराच मीटरचा ठेवून नंतर छताचा किंवा तळाचा कोळसा घेत उंची साडेचार केली तर २.७. वर्धा खोऱ्यात सीम, म्हणजे कोळशाचे थर, जाड असतात. आधी तीन मीटर उंचीने काम करायचं आणि मग उरलेला डोक्यावरचा कोळसा बघून जीव खालीवर होतो, हा मोह मी जवळून पाहिलाय.

धनबादच्या खाण संशोधन संस्थेने आपल्या खाणींतले उभे राहिलेले आणि मोडलेले पिलर अभ्यासून एक सूत्र दिलंय. ते तुझ्या पुस्तकात असेलच. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात कोळशाची स्वतःची ताकद येते, एक इंचाच्या ठोकळ्यावर मोजलेली, आणि उंचीप्रमाणे ती घटते. दुसऱ्या भागात खोली आणि रुंदी-उंचीचं प्रमाण येतं. हा दुसरा भाग म्हणजे गाठीचं आवळणं. ठोकळ्याची ताकद ३०० किलो धरून मी तुझ्या खाणीचे आकडे घातले. तुझ्या २०.७ मीटरच्या पिलरची ताकद येते १४२ किलो, भार ४५, म्हणजे सुरक्षा गुणांक ३.१. बारा मीटरच्याची ताकद ९९, भार ५९, गुणांक १.७. तू म्हणशील, १.७ म्हणजे एकापेक्षा बराच वर आहे की.

आता उंची साडेचार मीटर करू. तुझा पिलर येतो २.२ वर. बारा मीटरचा येतो १.२ वर. अजून पडलेला नाही. आता दोघांच्याही बाजू अर्धा-अर्धा मीटर झडल्या असं धर. अर्धा मीटर म्हणजे फार नाही, दोन वर्षं उभ्या असलेल्या गॅलरीत सहज दिसतं. मोठा पिलर २.२ वरून १.९ वर येतो. छोटा एकाच्या किंचित खाली जातो. इजा दोघांनाही सारखीच झाली, अर्ध्या मीटरची. मोठ्याच्या क्षेत्रफळातून नऊ टक्के गेले, छोट्याच्यातून सोळा. शिवाय छोट्याचा उरलासुरला गाभाही ढिला पडला. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. मोठा पिलर अंगावर घाव सोसून उभा राहू शकतो, छोट्याकडे सोसायला काही शिल्लकच नसतं.

बरेच दिवस उभे राहायचेत अशा पिलरांना आपल्याकडे गुणांक दोनाच्या वर धरतात. त्याचं कारणही हेच. आज काढलेला आकडा म्हणजे नव्या, सरळ कापलेल्या, कोरड्या पिलरचा आकडा. पाणी, हवा, सुरुंगाचे धक्के, ड्रेसिंग (सैल कोळसा पाडणं) आणि काळ हे सगळं नंतर त्यातून वजा होत जातं.

सूत्रं तशी का आहेत, हे तू विचारलंस. ती माणसं गेल्यावर आली. २१ जानेवारी १९६० ला दक्षिण आफ्रिकेतली कोलब्रूक खाण बसली आणि चारशेहून जास्त खाणकामगार आत राहिले. तिथे आधीच्या पिलरांवरच छताचा कोळसा काढत उंची वाढवलेली होती. काही आठवडे आधी, डिसेंबर १९५९ च्या अखेरीस, खाणीचा एक भाग बसलाही होता. काम चालू राहिलं. त्यानंतर सॅलमन आणि मन्रो या दोन संशोधकांनी तिथल्या खाणींतली १२५ उदाहरणं गोळा केली, ९८ उभी राहिलेली आणि २७ कोसळलेली. त्यांवरून १९६७ मध्ये त्यांनी सूत्र मांडलं. त्यात रुंदीचा घातांक ०.४६ आणि उंचीचा ०.६६ आहे. याचा अर्थ बघ: रुंदी दुप्पट आणि उंचीही दुप्पट केली तर पिलर दिसायला तसाच, नुसता मोठा, पण चौरस सेंटिमीटरमागे त्याची ताकद तेरा-एक टक्क्यांनी कमीच होते. मोठ्या कोळशात क्लीट (कोळशातल्या नैसर्गिक चिरा) जास्त, मातीचे पट्टे जास्त, म्हणजे फुटायच्या जागा जास्त. म्हणून एक इंचाच्या ठोकळ्याच्या तीनशे किलोवर कधी भरवसा ठेवू नकोस.

कोलब्रूकमधून आणखी एक गोष्ट शिकायची. एक पिलर मोडला म्हणून खाण बसत नाही. त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो, आणि शेजारीही तेवढेच कमकुवत असतील तर एकामागून एक सगळे जातात. मोडल्यानंतर पिलर कसा वागतो हे त्याच्या प्रमाणावर ठरतं. रुंदी उंचीच्या तीन-चार पटींपेक्षा कमी असेल तर तो भार एकदम टाकून देतो, तांदळाचं पोतं फाटावं तसा. चार ते आठच्या दरम्यान असेल तर हळूहळू दबतो, आठवडे-महिने घेतो, छत-तळ जवळ येतात, पण पळायला वेळ मिळतो. दहाच्या वर असेल तर गाभा दबत जाताना आणखी घट्ट होतो, तो असा मोडत नाही. तेव्हा बारा मीटरवरून वीस मीटरवर जाताना नुसती ताकद वाढत नाही, मोडण्याची जातच बदलते. आणि मोठा भाग एकदम बसला की आतली हवा गॅलऱ्यांतून अशी सुटते की माणूस, ट्रॉली, बांधलेल्या भिंती काही समोर टिकत नाही.

दहाच्या वरही सगळं निर्धास्त आहे असं नाही. खूप खोलीवर तोच घट्ट गाभा ऊर्जा साठवून ठेवतो आणि कधी कडेचा कोळसा बंदुकीतून सुटावा तसा गॅलरीत फेकतो. अमेरिकेत युटातल्या क्रँडल कॅन्यन खाणीत सहाशे मीटरहून जास्त खोलीवर बॅरियर पिलर, म्हणजे खाणीचे भाग वेगळे ठेवणारे रुंद राखीव पिलर, कापायला घेतले होते. ६ ऑगस्ट २००७ ला पिलर एकामागून एक गेले, सहा कामगार आत अडकले. दहा दिवसांनी त्यांना शोधताना बाजू पुन्हा फुटली आणि सुटकेला गेलेले तिघे गेले. आपल्या वर्धा खोऱ्यात तेवढी खोली नाही, पण परीक्षेत विचारतात आणि माहीत असायला हवं.

आता कायदा. १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीत खोली आणि गॅलरीची रुंदी यांवरून पिलरचं अंतर देणारा तक्ता आहे. २०१७ मध्ये नवी नियमावली आली, पण हा तक्ता जुन्या माणसांच्या तोंडावर आहे. ९० ते १५० मीटर खोलीला ३ मीटरची गॅलरी असेल तर मध्य ते मध्य १६.५ मीटर, ३.६ ला १९.५, ४.२ ला २२.५ आणि ४.८ ला २५.५. तुमचे साडेपंचवीस यातूनच आलेत. ३६० मीटरच्या खाली ४.८ च्या गॅलरीला ४८ मीटर. हा तक्ता वाचताना माझ्या लक्षात उशिरा आलेली गोष्ट तुला लवकर सांगतो. गॅलरी १.८ मीटरने रुंद केली की पिलर ९ मीटरने लांब सरकवायला सांगितलाय. कायदा करणाऱ्यांना गॅलरीच्या रुंदीची भीती किती वाटत होती, हे त्यात दिसतं. तक्त्याचा दोष एकच, त्यात कोळशाची ताकद नाही, तळ नाही, उंची एका मर्यादेत धरलेली आहे. म्हणून तक्ता पाळला की काम संपलं असं समजायचं नाही.

आणि तक्ता पाळला म्हणजे तरी काय? सर्व्हेअरने नकाशात पिलर काढला तो गॅलरी मारली त्या दिवशीचा. त्यानंतर खाली काय झालं हे नकाशाला कळत नाही.

मी ओव्हरमन झालो त्याला तिसरं वर्ष असेल. शंभरेक मीटर खोलीची खाण, नाव सांगत नाही. नकाशात गॅलरी ४.८ होती. पण पाळीचा कोटा भरत नसेल तर लोडरला सगळ्यात सोपा कोळसा बाजूचा, सब्बल घातली की निघतो. आधी सैल कोळसा ड्रेस करायचा म्हणून काढला, मग थोडा घट्टही. वरच्यांनी बघूनही बघितलं नाही, मीही त्यात होतो. दीड वर्षात कित्येक गॅलऱ्या पावणेसहा-सहा मीटर झाल्या होत्या. चारही कोपरे गोल झाले होते, चौकात, म्हणजे दोन गॅलऱ्या मिळतात तिथे, उभं राहिलं की डोक्यावर किती छत उघडं आहे याची जाणीव व्हायची. ४.८ च्या चौकाचा कर्ण ६.८ मीटर असतो, सहाच्या चौकाचा साडेआठ. गोल कोपरे धरले तर त्याहून जास्त. पहिली शिक्षा तिथेच झाली, तीन चौकांत छत पडलं. आता बघ साखळी कशी लागते. छत पडलं की त्या जागी गॅलरीची उंची वाढली. उंची वाढली म्हणजे शेजारच्या चारही पिलरांचं प्रमाण घटलं. प्रमाण घटलं म्हणजे बाजू आणखी झडल्या, बाजू झडल्या म्हणून गॅलरी आणखी रुंद.

त्या पॅनेलच्या (खाणीच्या त्या आखलेल्या भागाच्या) खालच्या अंगाला पाणी साचायचं आणि तळ मऊ शेलचा, म्हणजे मातीच्या थरांच्या खडकाचा होता. धाब्याच्या घरात खांबाखाली दगडी तळखडा का ठेवतात? नाहीतर खांब धड असूनही भुईत रुततो. पिलरचंही तेच. ओल्या शेलमध्ये पिलर रुतू लागला आणि गॅलरीचा तळ मधोमध फुगून वर आला. हॉलेजचे (कोळशाच्या ट्रॉल्या ओढायच्या वाटेचे) रूळ वर उचलले गेले, आम्ही ते खोदून परत बसवत होतो आणि रूळ नीट बसवले नाहीत म्हणून ट्रॅकवाल्यांना बोलत होतो. सगळं समोर होतं.

आमच्याकडे एक सरदार (ओव्हरमनच्या हाताखाली माणसांची सुरक्षा बघणारा) होते, वयाने माझ्या वडिलांएवढे. एका सकाळी पहिल्या पाळीला त्यांनी मला खाणीतली हवा वळवायच्या दारापाशी नेलं. दार लाकडी, चौकट सागाची. म्हणाले, "साहेब, काल लागत होतं, आज लागत नाही." मी दार ओढून पाहिलं, वरच्या कडेला बोटभर अडकत होतं. दार तेच होतं, चौकट दबली होती. मग त्यांनी कॅपलॅम्प बाजूच्या पिलरवर फिरवला. आपण बाजूंवर स्टोन डस्ट (दगडाची पांढरी भुकटी) मारतो, कोळशाच्या भुकटीचा स्फोट होऊ नये म्हणून. सगळी बाजू चुन्यासारखी पांढरी असते. त्या पांढऱ्यावर हाताच्या पंजाएवढे, ताटाएवढे काळेभोर चमकते डाग होते आणि खाली तळाशी ताज्या कोळशाची छोटी-छोटी उतरंड. रात्रीतून झडलेला कोळसा. आदल्या दिवशी तिथे डाग नव्हता हे आम्हा दोघांना माहीत होतं. आम्ही दिवे खाली केले आणि गप्प उभे राहिलो. एखाद्या मिनिटाने पिलरच्या आतून बारीक आवाज आला, वाळक्या तुरकाटीवर पाय पडावा तसा. मग पुन्हा.

त्यांनी त्या दिवशी कुणाला न विचारता माणसं बाहेर काढली. त्याचा अधिकार त्यांना होता आणि तो त्यांनी वापरला. पुढचे तीन आठवडे पॅनेल दबत राहिलं. चिरडलेल्या पिलरांच्या भेगांतून हवा शिरू लागली, वास बदलला, तापू लागलं आणि शेवटी सगळं पॅनेल भिंती बांधून बंद करावं लागलं. वर्धा खोऱ्यातला कोळसा स्वतःहून पेटणारा आहे, हे तुला रोज सांगतात. पिलर चिरडला की आगीला सरपण आणि हवा दोन्ही आपणच दिल्यासारखं होतं. लोडरांनी बाजूने ओरबाडलेला कोळसा काही शे टन असेल. बंद झाला तो सगळ्या पॅनेलचा, डिपिलरिंगला ठेवलेला. माणूस एकही गेला नाही. मी आजही ते श्रेय त्या दाराला आणि सरदारांना देतो.

तेव्हा इजा ओळखायची कशी, याचं अर्धं उत्तर तुला मिळालं. पांढऱ्यावरचे काळे डाग, आणि ते रोज कुठे नवे पडतात. कोपरे आधी, कारण कोपऱ्याला दोन्हीकडून आधार नसतो. मग बाजू मधल्या उंचीवर आत जाते आणि पिलर डमरूसारखा दिसू लागतो. बाजूला समांतर भेगा दिसल्या तर त्यांत तार किंवा काडी घालून बघ, किती आत जाते. छत आणि तळ यांच्यामधलं अंतर मोजायच्या खुणा असतील तर आकडा रोज त्याच माणसाने, त्याच खुणेवर घ्यावा. नवा माणूस रोज वेगळा आकडा आणतो. एकूण किती मिलिमीटर दबलं यापेक्षा कालच्यापेक्षा आज जास्त वेगाने दबतंय का, हे बघायचं. वेग कमी होत गेला तर पिलरने भार घेतला. वेग वाढत गेला तर थांबू नकोस. लाकडी प्रॉप (टेकू) असतील तर ते आधी बोलतात, हा त्यांचा मोठा गुण. छतात बसवलेले लोखंडी रूफ बोल्ट बोलत नाहीत.

डिपिलरिंगच्या बाबतीत एकच गोष्ट ठासून सांगतो, कारण तिथे आकाराचा प्रश्न उलटा होतो. गोफात सोडलेला स्टूक किंवा रिब (पिलरचा उरलेला तुकडा किंवा पातळ भिंत) अर्धवट आकाराची असू नये. काढायचं तर असं काढावं की उरलेला तुकडा लवकर चिरडेल आणि छत खाली येईल. ठेवायचं तर पुरतं ठेवावं. सगळ्यात वाईट तो मधला तुकडा, जो चिरडतही नाही आणि टिकतही नाही. तो छत लटकवून ठेवतो, गोफ मोठा होत जातो आणि सगळा भार पुढच्या चालू पिलरांवर येऊन बसतो. त्या दिवशी जे वजन येतं ते कुठल्याही तक्त्यात नाही. "साहेब, हा तुकडा राहू द्या, आधार होईल" असं कुणी सांगितलं तर आधी विचार, कशाला आधार आणि किती दिवस.

स्प्लिटचंही तसंच. तुझा २०.७ चा पिलर एका ४.८ च्या स्प्लिटने दुभागला की गुणांक ३.१ वरून १.६ वर येतो, आणि उंची साडेचार असेल तर १.२ वर. म्हणून स्प्लिट गोफाच्या फार पुढे जाऊन मारून ठेवायची नसते. पुढच्या महिन्याचं काम आधीच करून ठेवण्याच्या नादात लोक चार-पाच पिलर पुढे स्प्लिट मारतात, आणि मग बारा मीटरच्या ताकदीचा पिलर कुणी मागितलाही नसताना तो आपोआप तयार होतो.

बॅरियरचं गणित वेगळं, थोडक्यात सांगतो. तिथे भार झेलण्याइतकंच पाणी अडवणंही असतं. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाळ्याला जुन्या, पाण्याने भरलेल्या कामाचं पाणी खालच्या चालू खाणीत घुसलं आणि पावणेचारशे माणसं गेली. बॅरियरमधून अर्धा मीटर जरी कुणी मागितला तरी लेखी परवानगीशिवाय हात लावू देऊ नकोस. जुन्या नकाशावरच्या रेषेवर विश्वास ठेवायच्या आधी पुढे बोअर मारून बघावं.

सुट्टीत घरी आला होतास तेव्हा अजिंठ्याचं बोलला होतास, की तिथले खांब दीड हजार वर्षं उभे आहेत आणि किती बारीक आहेत. ते खांब बेसाल्टचे, कोळशाच्या कितीतरी पट मजबूत. डोक्यावरचा डोंगर शंभर मीटर नाही आणि दालनाच्या पलीकडे तिन्ही बाजूंना अखंड कातळ आहे, तोच बहुतेक भार घेतो. तरीसुद्धा तिथले काही खांब मोडले होते, नंतर बांधून उभे केलेत. तिथे खांब गेला तरी छत कातळाच्या जोरावर तगलं. तुझ्या गॅलरीवर शेल आणि वाळूखडक आहे, तो तसं तगून राहणार नाही.

आता तुझ्या कामाचं. सोमवारी पाळीला जाशील तेव्हा तीस मीटरची टेप आणि रंगीत खडू घे. तुझ्या हद्दीतले पाच पिलर निवड, दोन डिप (उताराच्या) बाजूचे, दोन राइज (चढाच्या) बाजूचे, एक पाण्याजवळचा. प्रत्येकाच्या चारही बाजूंची गॅलरी तीन ठिकाणी मोज: तळाशी, छातीच्या उंचीला आणि हात पोचेल तिथे वर. चौकाचे दोन्ही कर्ण घे. छत कुठे पडलं असेल तर तिथली उंची अंदाजाने नको, काठीने मोज. वर आल्यावर हे आकडे नकाशाशेजारी लिही आणि रुंदी-उंचीचं प्रमाण पुन्हा काढ, या वेळी खऱ्या आकड्यांनी. मग प्रत्येक पिलरच्या एका बाजूला, स्टोन डस्ट पुन्हा मारून झाल्यावर, खडूने तारीख घाल. महिन्याभराने त्या पाच तारखांपैकी किती वाचता येतात ते मला कळव. जिथली तारीख झडून गेली असेल त्या पिलरचा फोटो काढायच्या भानगडीत पडू नकोस, मोबाइल आत न्यायला बंदी आहे. वहीत चित्र काढ, माप लिही आणि त्याच दिवशी मॅनेजरच्या रिपोर्टात लेखी नोंद कर.